पैसा वहीत येण्याआधी

मांजलपूरला शाळकरी मुलींना फुटबॉल शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकांनी विचारलं आहे: "फिफाकडे आचारसंहिता होती, नामांकित ऑडिटर होते, दरवर्षी ताळेबंद छापला जायचा. तरी चोवीस वर्षं लाच चालली. हे पैसे नेमके खाल्ले कसे? २०१५ च्या अटकांनंतर काही बदललं का? आणि आमच्या मुलींचा स्पर्धेचा प्रवासखर्च वर्षभर अडकलाय. विचारलं की 'वरून आलं नाही' एवढंच ऐकू येतं. आम्ही कुणाला काय विचारायचं?"

मी एकतीस वर्षं बडोद्यात सार्वजनिक ट्रस्ट आणि सोसायट्यांची ऑडिटं करते. त्यांत शाळा, व्यायामशाळा, गणेश मंडळं आहेत आणि काही क्रीडासंस्थाही. मी स्वतः फुटबॉल खेळलेली नाही, पण धाकटा भाऊ पोलो ग्राउंडवर खेळायचा आणि त्याच्या बुटांचे पैसे कसे जमायचे ते मला माहीत आहे. २०१५ मध्ये फिफाच्या भ्रष्टाचाराबद्दलचं अमेरिकेच्या न्यायखात्याचं आरोपपत्र जाहीर झालं तेव्हा ते मी ऑडिटरच्या नजरेनं वाचलं आणि मग सोडवलं नाही. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा विस्तारानं देते.

फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, वह्या बऱ्याच अंशी जुळत होत्या. जो पैसा गेला तो वहीत यायच्या आधीच गेला.

हे कसं होतं ते आपल्याकडच्या उदाहरणानं सांगते. एका ट्रस्टचा हॉल होता. वर्षाला चार लाखांच्या भाड्यानं तो एका कंत्राटदाराला दिलेला. करारनामा होता, ठराव होता, चेक वेळेवर जमा होत होते, टीडीएस कापलेला होता. तीन वर्षं मी ते भाडं तपासलं आणि सही केली. चौथ्या वर्षी एका नातेवाइकांच्या लग्नाला त्याच हॉलमध्ये गेले. जेवताना सहज विचारलं, हॉलचे किती दिले? एका दिवसाचे पंच्याऐंशी हजार. घरी येऊन त्या मोसमाचे मुहूर्त मोजले आणि रात्रभर झोप आली नाही. कंत्राटदार चिटणिसांचे साडू निघाले. माझ्या फायलीतला एकही कागद खोटा नव्हता. मी फक्त आलेला पैसा तपासत होते. किती यायला हवा होता, हे विचारलंच नव्हतं.

आता कॅरिबियन बेटांकडे चला. २००५ मध्ये फिफाने २०१० आणि २०१४ या दोन विश्वचषकांचे त्या भागातले टीव्ही हक्क कॅरिबियन फुटबॉल युनियनला विकले. किंमत पहिल्या स्पर्धेसाठी अडीच लाख डॉलर, दुसरीसाठी साडेतीन लाख. मिळून सहा लाख. युनियनचे अध्यक्ष होते त्रिनिदादचे जॅक वॉर्नर, जे फिफाचे उपाध्यक्षही होते. पुढे ते हक्क वॉर्नर यांच्याच एका कंपनीमार्फत एका क्रीडावाहिनीला गेले, आणि त्या व्यवहाराची किंमत दीड ते दोन कोटी डॉलरच्या घरात असल्याचं २०१५ मध्ये स्विस टीव्हीने उघड केलं. फिफाच्या बाजूच्या करारावर अध्यक्ष सेप ब्लाटर यांची सही होती. नफ्यातला निम्मा वाटा फिफाला द्यायची अट करारात होती आणि २०११ मध्ये फिफाने तो करार मोडला, हेही नोंदवते. वॉर्नर यांनी सगळे आरोप नाकारले आहेत आणि अमेरिकेत ते कधी खटल्याला उभे राहिले नाहीत. पण माझा मुद्दा किमतीचा आहे. फिफाच्या वहीत सहा लाख जमा दिसतात, बँकेतही तेवढेच दिसतात. हॉलचं भाडं जुळत होतं तसंच.

दक्षिण अमेरिकेत हाच प्रकार कितीतरी मोठा झाला. कोपा अमेरिका स्पर्धेचे हक्क विकत घेणाऱ्या तीन कंपन्यांनी एकत्र येऊन 'डाटिसा' नावाची कंपनी काढली. तिच्या करारांमध्ये दोन्ही अमेरिकी महासंघांना मिळून ३५ कोटी २५ लाख डॉलर द्यायचे होते. त्याच करारांसाठी पदाधिकाऱ्यांना द्यायची लाच ठरली ११ कोटी डॉलर. अधिकृत किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश! तुम्हीच विचार करा, जी कंपनी अकरा कोटी वरून द्यायला तयार आहे, तिच्या हिशेबात त्या हक्कांची खरी किंमत किती असेल? ते अकरा कोटी महासंघांच्या तिजोरीत पडायला हवे होते. तिथून ते पॅराग्वेच्या किंवा बोलिव्हियाच्या एखाद्या मुलीच्या प्रवासभाड्यापर्यंत पोचू शकले असते. लाच देणाऱ्याच्या खिशातून जाते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती संस्थेच्या उत्पन्नातूनच जाते, फक्त संस्थेला ती दिसत नाही.

या पद्धतीचं मूळ आणखी मागे आहे. १९८२ मध्ये आदिदासच्या होर्स्ट डास्लर यांनी आयएसएल नावाची मार्केटिंग कंपनी काढली आणि विश्वचषकाचे हक्क वर्षानुवर्षं तिच्याकडे राहिले. २००१ मध्ये ती बुडाली तेव्हा दिवाळखोरीच्या कागदांतून गोष्टी बाहेर येऊ लागल्या. स्विस न्यायालयाचे कागद २०१२ मध्ये खुले झाले. फिफाचे माजी अध्यक्ष जोआव आवेलांज यांना मार्च १९९७ मध्ये १५ लाख फ्रँक मिळाल्याचं, आणि ब्राझील फुटबॉल संघटनेचे रिकार्दो तेशेरा यांना १९९२ ते १९९७ या काळात किमान १ कोटी २७ लाख फ्रँक मिळाल्याचं त्यात आहे. मला सर्वांत धक्का बसला तो एका वेगळ्या नोंदीनं. आवेलांज यांच्यासाठीची १० लाख फ्रँकची रक्कम एकदा चुकून थेट फिफाच्याच खात्यात जमा झाली होती! म्हणजे मुख्यालयात कुणीतरी ती रक्कम पाहिली, ती कुणाची हे ओळखलं, आणि परत फिरवली. ऑडिटरच्या आयुष्यात असा चुकलेला चेक एकदा हाती लागला की सगळं प्रकरण उलगडतं. तिथे काहीच उलगडलं नाही, कारण अशी खासगी व्यावसायिक लाच त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये गुन्हा नव्हती.

स्वित्झर्लंडचा मुद्दा आला आहे तर सांगते. जगभर अब्जावधी डॉलरचा व्यवहार करणारी फिफा तिथे कंपनी म्हणून नोंदलेली नाही. ती स्विस नागरी संहितेच्या कलम ६० आणि पुढच्या कलमांखालची साधी 'संघटना' आहे. गावातला गायनवर्ग किंवा गिर्यारोहकांचा क्लब ज्या तरतुदीखाली चालतो, तीच. आपल्याकडचं गणेश मंडळ २०१९ ते २०२२ या चार वर्षांत साडेसातशे कोटी डॉलरहून अधिक कमावू लागलं, तर धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत काय गोंधळ उडेल याची कल्पना करा. भागधारक नाहीत, शेअर बाजाराचे नियम नाहीत, मालक कुणीच नाही. उरतात फक्त सभासद, म्हणजे २११ देशांच्या संघटना, आणि प्रत्येकीला एक मत.

इथे बरेच लोक एक निष्कर्ष काढतात जो मला मान्य नाही. ते म्हणतात, ब्राझील आणि जर्मनीला एक मत, आणि चिमुकल्या मॉन्टसेराटलाही एक मत, म्हणूनच भ्रष्टाचार होतो. १९७४ पर्यंत फिफा युरोपच्या मुठीत होती. अध्यक्ष स्टॅनली राऊस यांनी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेबाबत मवाळपणा दाखवला आणि आफ्रिकी देश त्यामुळे दुखावले होते. आवेलांज त्यांच्याकडे गेले, त्यांना मान दिला, जास्त संघांचा विश्वचषक आणि प्रशिक्षणासाठी पैसा देण्याचं वचन दिलं, आणि जिंकले. त्या देशांनी तेव्हा दिलेलं मत चुकीचं नव्हतं. लहान देशाला समान मत असणं योग्यच आहे. भारतासारख्या, विश्वचषकाच्या उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या देशानं तरी त्याला नाव ठेवू नये.

दोष दुसरीकडे आहे. विकासनिधी वाटणारा हात आणि त्या निधीवर जगणाऱ्या संघटनांची मतं घेणारा हात, हे दोन्ही एकाच माणसाचे आहेत. छोट्या बेटावरच्या संघटनेचं सारं अंदाजपत्रक झुरिकहून, म्हणजे फिफाच्या मुख्यालयातून, येणाऱ्या पैशावर उभं असतं. तिथला अध्यक्ष वर कोणाला प्रश्न विचारणार? आणि त्याच्या हिशेबाकडे वरचा कोणी बारकाईनं का पाहील? कॉन्काकाफ या उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या महासंघाने २०१३ मध्ये बार्बाडोसच्या माजी सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून स्वतःची चौकशी करून घेतली. त्या अहवालात त्रिनिदादच्या एका क्रीडासंकुलाची हकीकत आहे. जवळपास २ कोटी ६० लाख डॉलर त्यावर खर्च झाले, महासंघाची मालमत्ता म्हणून. सातबारा, आपल्या भाषेत सांगायचं तर, वॉर्नर यांच्या कंपन्यांच्या नावावर निघाला. त्याच महासंघाचे सरचिटणीस चक ब्लेझर १९९० पासून मिळकतीवर दहा टक्के कमिशन घेत होते आणि न्यूयॉर्कच्या ट्रम्प टॉवरमधल्या घरांचं भाडं महासंघाच्या पैशातून जात होतं. वर्षानुवर्षं कुठल्याही सर्वसाधारण सभेत यावर चकार शब्द निघाला नाही.

आणि मग मे २०११ ची पोर्ट ऑफ स्पेनची सभा. अध्यक्षपदासाठी उभे असलेले कतारचे मोहम्मद बिन हम्माम भाषण करून गेले. त्यानंतर कॅरिबियन प्रतिनिधींना एकेक करून खोलीत बोलावलं गेलं आणि तपकिरी पाकिटं दिली गेली. प्रत्येकात ४० हजार डॉलर, रोख. बहामाच्या फुटबॉल संघटनेच्या उपाध्यक्षांनी त्या नोटांचे फोटो काढले आणि रक्कम परत केली. मला या सगळ्या प्रकरणात तो माणूस फार मोलाचा वाटतो. खोलीतल्या बाकीच्यांना हे रोजचं होतं, त्याला नव्हतं. तक्रार पुढे नेली ती ब्लेझर यांनीच, ज्यांचा स्वतःचा हिशेब घाण होता. बिन हम्माम यांच्यावरची आजीवन बंदी पुढे क्रीडा लवादाने पुराव्याअभावी रद्द केली, आणि नंतर आशियाई महासंघाच्या पैशांच्या प्रकरणात ते पुन्हा बाद झाले.

पकडलं कोणी? फुटबॉलच्या कुठल्याही आचारसमितीनं नाही. अमेरिकेच्या आयकर खात्याच्या गुन्हे शाखेनं. ब्लेझर यांनी विवरणपत्रं भरलेली नव्हती. २०११ च्या अखेरीस तपासनीसांनी त्यांना गाठलं, ते साक्षीदार झाले आणि २००५ ते २०१० चा कर बुडवल्याचंही त्यांनी कबूल केलं. डॉलरमधला पैसा अमेरिकी बँकांतून फिरतो, म्हणून न्यूयॉर्कच्या अभियोक्त्यांना अधिकार मिळाला. २७ मे २०१५ च्या पहाटे झुरिकच्या बाउर ओ लाक हॉटेलातून सात पदाधिकाऱ्यांना स्विस पोलिसांनी उचललं. पांढऱ्या चादरी आडव्या धरून त्यांना बाहेर नेलं ते चित्र तुम्ही पाहिलं असेल. आरोपपत्रात चौदा आरोपी आणि १५ कोटी डॉलरहून अधिक लाच. दोनच दिवसांनी, २९ मे रोजी, ब्लाटर १३३ विरुद्ध ७३ मतांनी पुन्हा निवडून आले. हा आकडा मी माझ्याकडे आर्टिकल्स करणाऱ्या, म्हणजे सीए व्हायला शिकणाऱ्या, मुलांना मुद्दाम सांगते. सभागृहाबाहेर पोलीस उभे असताना १३३ संघटनांनी त्याच अध्यक्षांना मत दिलं. चार दिवसांत त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली, पण सभासदांनी आपला कौल दिलेला होता.

न्यायासाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. ब्लाटर यांनी युरोपीय महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मिशेल प्लॅटिनी यांना २०११ मध्ये दिलेल्या २० लाख फ्रँकच्या प्रकरणात दोघांवर फुटबॉलमधून बंदी आली, मात्र स्विस न्यायालयाने दोघांनाही २०२२ मध्ये आणि अपिलात २०२५ मध्ये निर्दोष ठरवलं. सगळे एकाच माळेचे मणी असं म्हणून आपण हात झटकतो तेव्हा ज्यांच्यावर सिद्ध झालं आणि ज्यांच्यावर झालं नाही, ते सारखेच होऊन जातात. त्याचा फायदा खऱ्या दोषींना होतो. ब्रुकलिनच्या ज्युरीने डिसेंबर २०१७ मध्ये पॅराग्वेचे नापूट आणि ब्राझीलचे मारिन या माजी फुटबॉल पदाधिकाऱ्यांना दोषी धरलं आणि त्याच खटल्यात पेरूच्या बुर्गा यांना सोडलं. पुरावा असा माणसागणिक पाहावा लागतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, काय बदललं. कागदावर बरंच बदललं. २०१६ मध्ये कार्यकारी समितीच्या जागी ३७ जणांची परिषद आली, अध्यक्षांना बारा वर्षांची मर्यादा घातली गेली. रशिया आणि कतारला विश्वचषक देण्याचा निर्णय २ डिसेंबर २०१० ला अवघ्या बावीस जणांनी घेतला होता; त्यानंतर यजमान ठरवण्याचा अधिकार सर्व सभासदांना दिला गेला. २०१८ मध्ये मॉस्कोत २०२६ चा विश्वचषक १३४ विरुद्ध ६५ असा उघड मोजणीनं ठरला, तो मला खरा सुधार वाटला. पण मे २०१७ मध्ये बहरीनच्या अधिवेशनात आचारसमितीच्या दोन्ही प्रमुखांना मुदतवाढ नाकारली गेली आणि जाताना त्यांनी सांगितलं की शेकडो प्रकरणं हातात आहेत. २०३४ च्या विश्वचषकासाठी एकटा सौदी अरेबिया उरला आणि डिसेंबर २०२४ मध्ये टाळ्या वाजवून निर्णय झाला. एकच कोटेशन असलेली खरेदी माझ्यासमोर आली तर मी शेरा मारते. विकासनिधीही वाढला आहे: २०२३ ते २०२६ च्या चक्रात प्रत्येक संघटनेला ८० लाख डॉलरपर्यंत. पैसा गरजेचा आहे, त्याची तपासणीही आधीपेक्षा कडक आहे. तरी वाटणारा हात आणि मतं मागणारा हात अजून तेच आहेत, म्हणून माझं समाधान झालेलं नाही.

भारताकडे येते, कारण 'वरून आलं नाही' हे वाक्य इथलं आहे. ऑगस्ट २०२२ आठवा. भारतीय फुटबॉल महासंघाच्या निवडणुका लांबल्या होत्या, सर्वोच्च न्यायालयानं प्रशासकांची समिती नेमली, आणि फिफानं त्रयस्थ हस्तक्षेपाचं कारण देऊन भारताला निलंबित केलं. अकरा-बारा दिवसांत निलंबन उठलं, पण तेवढ्यात गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या होत्या आणि त्यांना मैदानात उतरता आलं नाही. स्वायत्ततेचा नियम सरकारांनी संघटना गिळू नयेत म्हणून आहे आणि तो हवाच. पण हिशेब विचारला की हाच नियम ढाल म्हणून पुढे येतो, आणि किंमत पोरी मोजतात.

तुमच्या मुलींचं बोलू. 'वरून आलं नाही' हे तपासता येणारं विधान आहे, त्याला उत्तर समजू नका. ज्यांनी पाठवायचे त्यांना एक पत्र: या स्पर्धेसाठी या संस्थेला कोणत्या तारखेला किती रक्कम दिली, आणि बँकेचा व्यवहार क्रमांक. ज्यांना मिळायचे त्यांना दुसरं पत्र: त्या तारखांचा बँक उतारा. आम्ही याला शिल्लक पडताळणी म्हणतो आणि दोन्ही टोकांना एकाच आठवड्यात पत्र गेलं तरच तिचा उपयोग होतो, नाहीतर मधल्या वेळेत उत्तरं जुळवली जातात. पैसा आला असेल तर तो बहुधा 'अग्रिम', म्हणजे आगाऊ उचल, म्हणून कुणाच्या तरी नावावर पडून असतो. ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला अग्रिमांची यादी मागा. नावं वाचलीत की पुष्कळ कळेल.

जिल्हा संघटना आपल्याकडे सहसा सोसायटी आणि सार्वजनिक ट्रस्ट अशी दुहेरी नोंदलेली असते. तसं असेल तर तिला दरवर्षी ऑडिट केलेला हिशेब परिशिष्ट आठ आणि नऊमध्ये बडोद्याच्या चॅरिटी कमिशनर कचेरीत द्यावा लागतो, आणि त्याची नक्कल अर्ज करून मागता येते. कलम ३४ खाली ऑडिटरनं अनियमितता वेगळी लिहायची असते. ते पान आधी वाचा. पान कोरं असेल तर ऑडिटरलाही पत्र लिहा. आम्हाला असं पत्र आलं की पुढच्या वर्षी आम्ही नीट बघतो, हे मी स्वतःवरून सांगते. हॉलच्या प्रकरणानंतर मी प्रत्येक संस्थेत भाड्याच्या कराराबरोबर बाजारभावाचा कागद मागू लागले.

प्रायोजकत्वाबद्दलही विचारा: किटचं, मैदानाच्या फलकांचं कंत्राट कुणाला, किती जणांकडून भाव मागवले, आणि कार्यकारिणीतल्या कुणाचं त्यांच्याशी नातं आहे का. सभेत तोंडी विचारू नका. सभेआधी लेखी द्या, पोच घ्या, आणि प्रश्न इतिवृत्तात आला का ते पुढच्या सभेत तपासा. एकटे जाऊ नका. चार-पाच पालकांच्या सह्या असल्या की मुलींच्या निवडीवर सूड काढणं अवघड जातं. ही भीती तुम्ही प्रश्नात लिहिली नाहीत, पण ती असणार.

आणि हे आजच करा: मुलींच्या रेल्वे आणि बसच्या तिकिटांची झेरॉक्स काढा. थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते, आणि मग खर्च झाला होता हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं. प्रत्येक झेरॉक्सवर मुलीचं नाव, स्पर्धा आणि तारीख लिहा, पालकांची सही घ्या. ताळेबंदाची नक्कल हातात आली की ती आणि ही फाइल घेऊन दांडिया बाजारला माझ्या ऑफिसात या. शनिवारी दुपारी तीननंतर मी असते. दोन्ही पत्रांचा मसुदा तिथेच बसून करू.